शिडीवरचं फिनिश

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आज सांगतो. इथं आखातात, अझैब्यात आमचा एसी दुरुस्त करणाऱ्या चिपळूणच्या गृहस्थांशी मी खोटं बोललो आहे.

त्यांची लेक फिनलंडमध्ये नर्स आहे, जावई तिथलाच, आणि चार वर्षांची नात फक्त फिनिश बोलते. म्हणून हे गृहस्थ फोनवरून फिनिश शिकतात आणि शिडीवर चढले की आम्हाला शिकवतात. "तालो म्हणजे घर, सर. घरात म्हणजे तालोस्सा, घरातून म्हणजे तालोस्ता. आपल्यासारखंच शेपूट लावायचं. विभक्त्या मात्र पंधरा हां." भाषांची नातीही ते गावच्या भावकीसारखी लावतात. "एस्टोनियन सख्खी बहीण, हंगेरियन लांबची चुलत. शेजारच्या स्वीडिशशी मात्र काहीच नातं नाय."

बायको म्हणते, "भाऊ, आधी गॅस भरा."

"यल्ला, चला," म्हणतात, आणि पुढची विभक्ती सुरू.

मी अल खौदला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. फिनिश व्याकरणाचं पुस्तक तुमच्या नावावर आणाल का, असं त्यांनी एकदा विचारलं. एसीवाल्याला व्याकरण कशाला, असं मनात येऊन मी न शोधताच 'नाही मिळालं' म्हटलं. सुट्टीवरून येताना त्यांनी माझ्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणली. "एवढं शोधलंत, सर. आमच्यासाठी कोण शोधतंय?"

त्याची सोलकढी मी दोन वाट्या प्यायलो. काल पाहिलं, तर पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटातच होतं. पुढच्या महिन्यात ते नातीला पहिल्यांदा भेटणार आहेत. पुस्तक आणि खरं काय ते, दोन्ही त्यांना द्यायचं राहिलं आहे.