टोरांटो किती मुक्काम?

राणीसावरगावाहून निघायच्या आदल्या दिवशी सरूआत्याने विचारलं, "टोरांटो किती मुक्काम हाय रं?"

आत्याचा जन्म मेंढरांमागे गेला. तिचा प्रत्येक पल्ला मुक्कामात मोजला जातो. तिची एकुलती लेक पारू तिकडे पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि "माय आल्याबिगर मला धीर न्हाई" असा तिचा रोजचा फोन. आत्याला पोचवायचं काम माझ्याकडे. दोनदा परदेश पाहिलेला माणूस मी! ऐटीत म्हणालो, "हैदराबादहून बारा-तेरा हजार किलोमीटर. अठरा-एकोणीस तास नुसतं उडायचं."

आत्या मटकन खाली बसली. "मुक्काम न्हाई अशी कसली वाट? मी न्हाई येत."

मग मी ठोकून दिलं, "हाय की एक, दुबईला."

गंगाखेडहून रेल्वेने हैदराबाद आणि तिथून विमान. शेजारी हैदराबादच्या एक बाई होत्या. त्याही टोरांटोलाच निघालेल्या. आत्याने त्यांना धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपीठं) खाऊ घातले. दोघींची दखनी हिंदीत गट्टी जमली आणि मला कुणी विचारेना. समुद्र संपून वाळवंट लागलं तशी आत्या हळहळली, "एवढं रान, अन् काडीचा चारा न्हाई!"

दुबईचं विमानतळ म्हणजे दिव्यांची जत्राच. पुढच्या विमानाची घोषणा झाली. वळून पाहतो तर आत्या खांबापाशी घोंगडी अंथरून, पाय पसरून बसलेली.

"आत्या, ऊठ! विमान चाललं!"

"मुक्काम म्हनलास ना? रात काढल्याबिगर मेंढरूबी हलत न्हाई."

तेवढ्यात मोबाइलवर जावयाचा निरोप आला, पारूला कळा सुरू झाल्या होत्या. हे विमान चुकलं असतं तर पुढचं थेट दुसऱ्या दिवशी. मी हात जोडले, चिडलो, पारूची शपथ घातली. आत्याला वाटलं, मी तिला घाबरवायलोय. शेवटी हैदराबादच्या बाई मागे फिरल्या. "मौसी, मुकाम नै है जी. गाडी बदलना है बस."

"गाडी बदलायचीय व्हय? परभणीला बदलतेत तशी?" आत्या ताडकन उठली. "मग तसं बोल की मुडद्या!" घोंगडी काखेत मारून ती माझ्यापुढे पळाली.

पुढचा सगळा प्रवास ती घोरत होती आणि मी जीव मुठीत धरून बसलो होतो. पहिलटकरणीला वेळ लागतो, एवढाच आधार. टोरांटोला उतरून थेट दवाखाना गाठला. आत्या आत शिरली आणि पारूने "माय!" म्हणून जो टाहो फोडला, तो बाहेर मलाही ऐकू आला. माझे डोळे भरून आले.

आत्या बाळंतपणासाठी तिकडेच राहिली. मी एकटा परतलो. तितकेच तास, तितकेच किलोमीटर, पण शिव्या घालायला कुणी नसल्याने वाट सरता सरेना. अंतर तिकिटावरून कळतं ही माझी ऐट त्या विमानातच उतरली.

राणीसावरगावच्या माळावर मामा (आत्याचे यजमान) मेंढरांपाशी उभे होते.

"पोचली का येळेवर?"

"पोचली, मामा. पारूचा हात हातात घेतला, अन् मग नात झाली."

मामांनी पटक्याच्या शेवाने डोळे पुसले.

"मग लय लांब न्हाई," ते म्हणाले.