सात एक आणि एकोणीस एक

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमच्या सरांचा गणिताचा क्लास होता. फळ्याच्या वर, भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटने १११११११ रंगवून घेतलं होतं. सात वेळा एक. सर म्हणायचे, "ही मूळ संख्या. हिला कुणाच्या बापाकडून भाग जायचा नाही. असे व्हा." तिसापर्यंतच्या एकाही पाढ्यात ती बसत नव्हती, आणि सरांच्या लेखी तपासणी तिथेच संपत होती.

आठवीत मी विचारलं, "सर, तिसाच्या पुढे बघितलंय का?"

"चामटोलीहून येऊन मला शिकवतेस? घरी जा, भात लाव."

पोरं खदाखदा हसली. दुसऱ्या दिवसापासून माझी जागा दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ.

मी डूख धरला. दिवाळीच्या सुट्टीत घरची सगळी करंज्या तळत होती आणि मी एकतीसपासून पुढच्या एकेका मूळ संख्येने सरांना भागत होते. हो, सरांनाच. बेचाळिसाव्या भागाकाराला, दोनशे एकोणचाळीसला, बाकी शून्य आली. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही.

क्लास उघडला त्या दिवशी लवकर जाऊन मी त्या संख्येखाली खडूने लिहिलं: २३९ × ४६४९. सर आले. आमच्याकडे पाठ करून त्यांनी फळ्यावर गुणाकार केला, पुसला, आणि वर्गमुळं शिकवायला घेतली. दुसऱ्या दिवशी सात एकांवर गणपतीचं कॅलेंडर लटकत होतं. आता गणपती कोण उचलणार? मला सगळ्यांसमोर फक्त "चुकलं माझं" एवढंच ऐकायचं होतं. ते आलं नाही, आणि माझी जागाही चपलांपाशीच राहिली.

म्हणून एम.एस्सी. झाल्यावर सरांच्या नाकावर टिच्चून त्यांच्या समोरच मी क्लास काढला. बाहेरच्या भिंतीवर, त्यांच्या खिडकीतून दिसतील असे, एक रंगवून घेतले. एकोणीस. एकोणीस एकांची संख्या खरोखरच मूळ आहे, पुरेपूर सिद्ध झालेली. सरांनी खिडकीला पडदा लावला. तो पडदा बघत मी रोज चहा प्यायचे, आणि तो गोड लागायचा.

यंदा सोनिवलीच्या एका मुलीने भरवर्गात विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः चेक केलंय?"

केलेलं नव्हतं. हाताने करायचं तर जन्म पुरला नसता. मी पुस्तकातून घेतलं होतं. "तूच कर ना," मी म्हणाले. "सोनिवलीला दुसरं आहे काय करायला?"

वर्ग खदाखदा हसला. दुसऱ्या दिवशी ती आपणहून दाराशी जाऊन बसली.

काल तिची वही तपासायला आली. मागच्या पानांवर भागाकार होते, एकतीसपासून. दोनशे एकोणचाळीसला बाकी एकशे सतरा, दोनदा करून बघितलेली. पुढे दोनशे एक्केचाळीस चालू होतं. मला निदान सापडण्यासारखी चूक मिळाली होती. हिने आयुष्यभर भागलं तरी हिला काही सापडणार नाही. हे तिला सांगायला हवं, पण ते सांगायचं तर आधी सगळ्यांसमोर "चुकलं माझं" म्हणावं लागेल. मी सही करून वही परत दिली.