गावंडेकाकांची घाटराखीण

मुरलीधर गावंडे या माणसाला तुम्ही कचेरीत पाहिलंत तर दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एक निळं पेन, एक लाल. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगावचे हे गृहस्थ केंद्र सरकारच्या बदलीवर अकरा वर्षांपूर्वी चंडीगडला आले, अधीक्षक झाले आणि इथेच रुळले. पण रविवारी दुपारी तीन वाजता हाच माणूस आपल्या क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलाशी बसतो, चष्मा पुसतो आणि म्हणतो, "तुमच्यासमोर दरी आहे. दरीत धुकं आहे. धुक्यात कोणीतरी श्वास घेतंय." आणि एकोणीस ते अठ्ठावीस वयाचे आम्ही चार घोडे खुर्च्या पुढे ओढतो.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. टेबलाभोवती माणसं बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कोणी तिरंदाज, कोणी जादूगार, कोणी चोर. एकजण सूत्रधार. तो जग उभं करतो, राक्षसांचे आवाज काढतो आणि मोहिमेच्या पुस्तकातून आम्हाला पुढे नेतो. अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. माझी आई याला "रिकामटेकडे धंदे" म्हणते. सांगलीला फोनवर मी कबूल करत नाही, पण आठवडाभर प्रयोगशाळेत उंदरांना औषधं पाजल्यावर मला रविवारी चोर व्हायला फार आवडतं.

मी स्वानंदी, मोहालीच्या सेक्टर सदुसष्टमधल्या औषधसंस्थेत संशोधन करते. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. बाकी तिघं म्हणजे पंचकुल्याहून गाडी घेऊन येणारा आणि नेहमी उशिरा येणारा अंकुर, मोहालीचा हरकीरत आणि काकांची एकुलती एक मुलगी निधी. खेळ खरं तर निधीच्या मित्रांचा होता. त्यांचा सूत्रधार इकडच्या रिवाजाप्रमाणे कॅनडाला गेला आणि खेळ बंद पडायला आला. तेव्हा कोपऱ्यात पेपर वाचत असलेले काका म्हणाले, "पुस्तक द्या इकडे. वाचून बघतो."

वाचून बघतो म्हणजे काय, ते आम्हाला नंतर कळलं. त्यांनी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, पानापानाला रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि लाल पेनाने परिच्छेदांना क्रमांक दिले. एका वहीत टेबलाचे नियम लिहिले. पहिला नियम: छापलंय ते प्रमाण. दुसरा: नवी आवृत्ती आली की जुनी रद्द. तिसरा: पुस्तक गप्प असेल तिथे सूत्रधाराला अधिकार. हरकीरतने एकदा कड्यावरून उडी मारून ड्रॅगनच्या पाठीवर बसायचं ठरवलं, तर काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "नियमात बसतंय का?" बसत नव्हतं. हरकीरत दरीत गेला.

या तिसऱ्या नियमातून प्रभावती जन्माला आली. आमच्या मोहिमेचं नाव 'धुक्यातला घाट'. घाटाच्या तोंडाशी एक म्हातारी राखणदारीण बसते. पुस्तकात तिच्याबद्दल चारच ओळी होत्या. तिला फक्त डोंगरातली जुनी बोली कळते आणि त्या बोलीत बोलल्याशिवाय ती कोणालाही सोडत नाही. कुठली बोली? पुस्तक गप्प. काकांनी अधिकार वापरला. जुनी बोली म्हणजे अंजनगावची वऱ्हाडी. म्हातारीचं नाव प्रभावती, कारण काकांची प्रभावती आत्या अशीच ओसरीवर बसायची आणि चौकशी केल्याशिवाय पोस्टमनलाही पुढे जाऊ द्यायची नाही. काका आवाज चढवून तिच्यासारखे बोलायला लागले की नयनाकाकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, हळू! आत्याबाई गेल्यात, त्यांना परत नका आणू!"

घाट तर प्रत्येक फेरीला लागायचाच, जाताना आणि येताना. त्यामुळे झालं काय, की सहा फुटी हरकीरत पगडी सावरत म्हणायला लागला, "मावशी, मले जाऊ दे ना वो!" अंकुरची वऱ्हाडी हरयाणवी ढंगाने चालायची, पण चालायची. माझी मात्र फजिती झाली. मी मराठीच्या जोरावर ऐटीत पुढे गेले आणि म्हातारी म्हणाली, "हे पोट्टी पुस्तकावानी काऊन बोलून रायली?" मला परत पाठवलं! सांगलीच्या मुलीला मराठी येत नाही म्हणून! तो राग अजून गेलेला नाही.

पण या सगळ्यात खरी गोष्ट निधीची होती. ती इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. काका विचारणार, "जेवलीस का बेटा?" ती म्हणणार, "हाँ पापा, खा लिया." अकरा वर्षं पालथ्या घड्यावर पाणी. मात्र घाटावर आली की हीच मुलगी कमरेवर हात ठेवून प्रभावतीशी भांडायची. "तू मले वळखत नाई का? मांगच्या खेपेले मीच तं तुले मिठाई आनली होती!" चुकायची, अडायची, हसायची, पण बोलायची. काका त्या वेळी राखणदारीण इतकी हट्टी करायचे की घाट वीस मिनिटं सुटायचा नाही. आम्हाला कळायचं. अंकुरलाही कळायचं, आणि अंकुरला सहसा काही कळत नाही.

मग नवी आवृत्ती निघाली. जाहिरातीत लिहिलं होतं, 'घाटाची राखणदारीण परत येत आहे, नव्या रूपात!' काकांनी ते तीनदा वाचून दाखवलं. दिल्लीच्या एका ओळखीच्याकडून पुस्तक मागवलं. त्याने ते बसच्या कंडक्टरकडे दिलं आणि सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर घ्यायला काका मला घेऊन गेले. बस चाळीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात या पन्नाशीच्या माणसाने फलाटावर किती येरझारा घातल्या ते मी मोजलं नाही, पण एका हमालाने त्यांना विचारलं, "बच्चा आ रहा है जी?" काका म्हणाले, "ऐसाच समझो."

पुढचे आठ दिवस काकांनी पुस्तक वाचलं आणि आम्ही फोनवर जगभरच्या चाहत्यांची भांडणं वाचली. निम्मे लोक नकाशांवर फिदा होते. निम्मे म्हणत होते, खेळ इतका सोपा केलाय की राक्षसच बिचारे रस्ता दाखवतात. काहींनी पहिलं पान बघून शिव्या घातल्या आणि दुसरं पान बघून माफी मागितली. अंकुर नव्या बाजूचा होता. "यार, चित्रं बघ ना, पक्का मजा येणार!" हरकीरत जुन्या बाजूचा, पण नवा ड्रॅगन बघून डळमळला. माझं मत विचाराल तर नकाशे खरंच सुंदर होते आणि त्याचाच मला राग आला. वाईट पुस्तक असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

रविवारी काकांनी घाटाचं पान उघडलं आणि कचेरीतलं परिपत्रक वाचावं तसं वाचलं. "घाटाच्या तोंडाशी राखणदारिणीचा दगडी पुतळा आहे. ती स्वतः फार पूर्वी घाट सोडून निघून गेली. कुठे गेली, कोणालाच ठाऊक नाही. पुतळा बोलतो. तो प्रत्येकाशी ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलतो."

हे होतं नवं रूप. हरकीरत पुतळ्याशी पंजाबीत बोलला, अंकुर हिंदीत. निधीनेही हिंदीत विचारलं, "जाएँ क्या?" काका म्हणाले, "जाइए." दोन मिनिटांत घाट पार. पुढे नवा ड्रॅगन आला, अंकुरने टाळ्या वाजवल्या, काकूंनी साबुदाणावडे आणले. कोणाचं काही बिघडलं नव्हतं. फक्त काका वडा हातात धरून बसले होते आणि खात नव्हते.

निघताना मी फाटकाशी त्यांना गाठलं. "काका, सरळ जुनं पुस्तक काढा. नाहीतर त्या पुतळ्यात जीव घाला. कोण बघायला येतंय?"

"नवी आली की जुनी रद्द," ते म्हणाले. "मीच लिहिलंय."

"मग खोडा!"

"आजवर पोरांना काही खोडू दिलं नाही मी. आता माझ्या हौसेपायी खोडू?" ते स्कूटरच्या सीटवरची धूळ उगाच पुसत राहिले. "वीस मिनिटं, स्वानंदी. आठवड्यातून वीस मिनिटं पोट्टी माझ्याशी मराठी बोलायची. म्हणजे, आत्याशी बोलायची. पण आवाज तर माझाच होता ना?"

मला या माणसाचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं, की मी सरळ ऑटोत जाऊन बसले. वळून बघितलं तर व्हरांड्यात निधी उभी होती. किती वेळ, ते मला माहीत नाही.

पुढच्या रविवारी निधीच्या तिरंदाजाने भलताच मूर्खपणा केला. ड्रॅगन झोपलेला असताना ती त्याच्या नाकपुडीशी गेली आणि शिट्टी वाजवली. आम्ही ओरडलो. काकांनी तीनदा विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "पक्का." फासा पडला, तिरंदाज जळून खाक झाला. अंकुर इतका चिडला की त्याने तिला दिवसभर "शिट्टी" म्हणूनच हाक मारली. नियमाप्रमाणे पात्र मेलं की पुढच्या खेपेला नवं आणायचं. निधी हसून म्हणाली, "ले आऊँगी."

तिसऱ्या रविवारी तिने नव्या पात्राचा कागद काकांपुढे सरकवला. काकांनी लाल पेन काढलं आणि वाचायला लागले.

"नाव, प्रभावती. व्यवसाय, घाटराखीण, निवृत्त. वय, तीनशे दोन." ते थांबले. "भाषा..." त्यांनी कागद जवळ घेतला. "भाषा, एक."

"पुस्तक में लिखा है ना पापा, वो घाट छोड़ के चली गई, किधर गई किसीको नहीं पता," निधी म्हणाली. "मुझे पता है. नियम में बैठता है क्या?"

गावंडेकाकांनी पुस्तक उघडलं. वयाला मर्यादा आहे का पाहिलं, नव्हती. किमान भाषा किती पाहिल्या, एक. निवृत्त माणसाला मोहिमेवर जायला बंदी आहे का, तेही पाहिलं. आम्ही दहा मिनिटं बसून होतो. मी तर त्यांच्या हातातून पुस्तक हिसकावणार होते. जित्याची खोड, दुसरं काय! शेवटी त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'मान्य' लिहून सही केली, खाली तारीख घातली.

"तो फिर," निधी म्हणाली आणि तिने ओढणी डोक्यावरून घेतली, "सबसे पहले वापस घाट पे."

आम्ही घाटावर परत आलो. तिने पुतळ्याकडे पाहिलं, म्हणजे आपल्या बापाकडे, आणि कमरेवर हात ठेवला.

"हे कोन होय वो? माह्यावानी दिसून रायली. नाक बाकी चुकलं."

हरकीरत हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. काका मात्र हसले नाहीत. तो आवाज त्यांचाच होता, त्यांनीच तीन वर्षं काढलेला. आणि त्याच्याही आधी तो अंजनगावच्या ओसरीवरचा होता. निधीने त्या बाईला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"बोल ना!" प्रभावती पुतळ्यावर खेकसली. "आयकनाऱ्याच्या भाषेत बोलते म्हनतेत तू. छापलंय ना?"

छापलं होतं. क्रमांक घातलेला परिच्छेद होता. आता प्रभावतीला एकच भाषा येत असेल तर पुतळ्याला त्याच भाषेत बोलणं भाग होतं, आणि प्रभावती या मोहिमेत शेवटपर्यंत राहणार होती. अंकुरनेच पहिल्यांदा हिशेब मांडला. "मतलब आता पूरा साल मराठी?" त्याने सुस्कारा सोडला. "बरं बाप्पा. पर ड्रॅगन पाहिजेच मले."

काकांनी पानावर बोट ठेवलं. पुतळ्याने प्रत्येक प्रवाशाला विचारायचा छापील प्रश्न होता, तू कोण आणि कुठे निघालास. गेल्या वेळी त्यांनी तो गाळला होता. आज बोटाने ओळ धरून त्यांनी तो विचारला, पण पुस्तकातल्यासारखा नाही.

"कोन होय वो बाई तू? कुठी चालली?"

"कुठीच नाई," निधी म्हणाली. "घरी आली मी."

काका उठले. "पाणी आणतो," म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, त्या बाजूला सरल्या नाहीत. त्यांचेही डोळे भरले होते.

"पाणी टेबलावरच आहे, बाबा," निधी म्हणाली. प्रभावतीच्या नाही, स्वतःच्या आवाजात.