रुंद व्हरांडा

माझी मावशी रस्त्यानं चालताना कधी समोर बघत नसे. तिची नजर सदा वर: छज्ज्यांवर, खिडक्यांच्या कमानींवर, कौलांच्या कडांवर. म्हैसूरला, नजरबादच्या आमच्या गल्लीत ती गायींना धडकली, सायकलींखाली येता येता वाचली, आणि तिच्या पायाच्या बोटाला चिंधी बांधलेली नाही असा दिवस मला आठवत नाही. आई चिडली की ती शांतपणे म्हणायची, "खाली काय बघायचंय? रस्ता सगळीकडे सारखाच."

ती बांधकाम खात्याच्या म्हैसूरच्या कचेरीत नकाशे काढायची. लग्न केलं नव्हतं. आजोबा अंथरुणाला खिळलेले, आणि घराचा बराचसा भार तिच्या पगारावर. ती घरी मराठी बोले, रागावली की कानडी, आणि फूट-इंच मात्र इंग्रजीत.

रविवारी ती मला घेऊन पार जयलक्ष्मीपुरमपर्यंत चालत जाई. एखाद्या बंगल्यासमोर थांबून फाटकाची कडी वाजवी. मालक बाहेर आले की म्हणे, "काम काही नाही. सुम्ने, सहजच तुमचा जिना बघायचा होता." मला मेल्याहून मेल्यासारखं होई. पण लोक तिला आत घेत, जिना दाखवत आणि वर कॉफी पाजत. आपल्या घराकडे कुणी इतकं निरखून बघतंय याचा त्यांना आनंदच होत असावा.

पुढे माझं लग्न झालं. नवरा पुण्याचा, मंगळूरच्या नव्या बंदरात इंजिनिअर. मावशी निवृत्त झाल्यावर मी तिला आमच्याकडे बोलावलं. ऐन पावसाळ्यात येऊ नकोस म्हटलं, तर नेमकी श्रावणात आली. मीच तिला आणायला गेले होते. घाटात बस दरड काढायची वाट बघत थांबली, तेव्हा खिडकीतून बाहेर बघत तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती तिनं आईलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

राज्यांची नवी मांडणी झाल्यावर किनारा म्हैसूर राज्यात आला आणि तिकडच्या इमारतींचे काही नकाशे तिच्या टेबलावर येऊ लागले. त्यात मंगळूरच्या नर्सांचं एक वसतिगृह होतं. मावशीनं तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पण कचेरीत तिकडची एक टायपिस्ट होती. ती म्हणाली होती की पावसात चार-चार महिने दारं उघडता येत नाहीत, अंगावरचे कपडेही ओलेच असतात. मावशीनं व्हरांडा नेहमीच्या दुप्पट रुंद काढला. साहेबांनी विचारलं, "बाई, इथे क्रिकेट खेळायचंय का?"

"साहेब, तिकडे पाऊस आडवा येतो."

"तुम्ही पाहिलाय?"

"नाही."

साहेबांनी लाल पेन्सिलीनं व्हरांडा अर्धा कापला. मावशीनं पक्का नकाशा शाईनं काढला तो मात्र पहिल्यासारखाच, रुंद. साहेबांनी न बघता सही केली. नकाशा बंगळूरला गेला आणि पुढे काय झालं ते तिला कधी कळलंच नाही.

"सापडले असते तर नोकरी गेली असती," ती म्हणाली. "कितीतरी दिवस शिपाई टेबलाजवळ आला की वाटायचं, साहेबांचं बोलावणं आलं. घरी अण्णांचं, तुझ्या आजोबांचं औषध, तुझ्या आईचं लग्न. पण नोडु, तूच बघ, माप चुकीचं आहे हे माहीत असून शाई कशी लावायची?"

मंगळुरात आम्ही खूप हिंडलो. चित्रांनी भरलेल्या छताचं एक जुनं चर्च पाहताना तिची मान अवघडली. दीपगृहाच्या टेकडीवरून ती ओली लाल कौलं बघत बसली. नवऱ्यानं मोठ्या अभिमानानं बंदर दाखवलं, उंच क्रेन, लांबलचक गोदामं. तिनं सगळं मन लावून पाहिलं आणि विचारलं, "पोत्यांना एवढं उंच छप्पर, मग तुमच्या क्वार्टर्सची छतं अशी डोक्यावर का?" तो हसला.

वसतिगृहाला जायचं मात्र ती टाळत होती. आज पाय दुखतो, आज नको. शेवटच्या दिवशी मीच रिक्षा थांबवली.

व्हरांडा रुंद होता. पाऊस आडवा येत होता, पण कठड्यापासून हातभर आत येऊन थांबत होता. मागे दोऱ्यांवर पांढरे युनिफॉर्म वाळत होते, एक मुलगी मोठ्यानं पाठ करत होती, दोघी शेंगा सोलत होत्या. मावशी खांबाला धरून उभी राहिली. मेट्रननं येऊन कोण हवंय विचारलं.

"कोणी नाही," मावशी कानडीत म्हणाली. "पाऊस आहे म्हणून थांबलोय."

मी तोंड उघडणार होते. तिनं माझं मनगट घट्ट दाबलं. मेट्रननं चहा दिला आणि आपणहून म्हणाली, "पावसाळाभर मुली इथेच असतात. खोल्यांत नुसत्या झोपायला जातात."

रिक्षात बसल्यावर मावशीनं पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाली, "खांब जरा जाड झालेत."

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते वसतिगृह पाडलं. तिथे सहा मजली इमारत उभी राहिली, काचांची. मी हे तिच्यापासून लपवून ठेवलं होतं. पण आमच्या शेवटच्या भेटीत, नजरबादच्या घरी, तिनंच विषय काढला आणि मला खोटं बोलता आलं नाही. नवरा शेजारीच होता. मला वाटलं, आता ही कोलमडणार.

तिनं विचारलं, "आणि मुली?"

"त्याच नव्या इमारतीत आहेत."

"पावसात कुठे बसतात?"

"आपापल्या खोलीत. व्हरांडा नाहीये, मावशी."

ती हळूच म्हणाली, "पाप."

परतताना नवरा म्हणाला, "मावशींना फार लागलं. पाप म्हणाल्या." मी त्याला सांगितलं की आमच्याकडे कानडीतला हा शब्द 'बिचाऱ्या' अशा अर्थानं म्हणतात. ती त्या मुलींबद्दल बोलत होती.