ताईची राखलेली जागा

माझे मेहुणे, ताईचे यजमान, बँकेच्या मेनफ्रेमवर, म्हणजे कपाटाएवढ्या संगणकावर, कामाला होते. सगळ्या शाखा एकदम जोडल्या गेल्या तर त्यात किती मेमरी लागेल, याचा अंदाज तेच बांधायचे. ताई गेल्यावर मी हट्टच धरला, "भावजी, एकट्याला हे तीन खोल्यांचं घर कशाला? माझ्याकडे चला. माझ्यासारख्या नटाचं घर आहे, बडबडीला कमी नाही!"

ते हसले. "शाखा गप्प असली तरी तिच्यासाठी मेमरी राखून ठेवावी लागते. ती कधीही बोलेल."

"अहो, पण ताई आता कुठली बोलायला?"

"ती नाही रे," तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ते म्हणाले, "मी बोलतो अजून."

मी हट्ट सोडला. आता मीच त्यांच्याकडे जातो आणि ताईची खुर्ची तशीच ठेवून स्टुलावर बसतो.