न वाचलेली चौथी ओळ

घोडी पांढरी होती, हीच तिची अडचण होती. तबेल्यातले बाकी घोडे तांबडे किंवा काळपट. बाहेरचं कुणी त्यांच्याकडे वळून बघत नसे. हिला मात्र लग्नाच्या मोसमात मागणी यायची. गाझियाबादचा एक वरातवाला दर हिवाळ्यात यायचा, तिच्याभोवती एक चक्कर मारायचा आणि चहा पिऊन जायचा. त्या वर्षी सरांनी त्याला पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं नाही.

सर म्हणजे तबेल्याचे मालक, निवृत्त, कमी बोलणारे. ग्रेटर नोएडाच्या पलीकडे त्यांची जागा आहे. लांब पल्ल्याच्या दौडींसाठी ते घोडे तयार करतात आणि शनिवार-रविवारी मी तिथे जाते. या दौडीत वेगापेक्षा घोडा धड राहणं महत्त्वाचं. आमची चाळीस किलोमीटरची होती, वीस-वीसचे दोन फेरे. प्रत्येक फेऱ्यानंतर डॉक्टर नाडी मोजतात, घोड्याला दुडक्या चालीने पळवून बघतात, आणि तो जरासा लंगडला तरी बाद. घोडी दोन मोसम अशीच बाद झाली होती. तिचे पुढचे खूर ठिसूळ. नालाचे खिळे ठोकले की कडा तुटायच्या, आणि रस्ता कडक लागला की लोखंडाचा हादरा थेट पायात जायचा.

“इस बार चालीस पूरे, बिना लंगड़ाए,” सर म्हणाले. “नहीं तो दे देंगे.”

वरातीत काय असतं ते मी आमच्या सोसायटीच्या गेटवरून पाहिलं होतं. डांबरी रस्ता, बँड, आणि लोखंडी नाल घातलेली, डोळ्यांवर झालर ओढलेली घोडी. तिच्यावर दौडीत मी बसायचे, पण ती माझी नव्हती. मी मान हलवली.

शेवटचा उपाय म्हणून सरांच्या मुलीने परदेशातून लवचिक नाल पाठवले. प्लास्टिकचे, काळे, दोन्ही हातांनी पिळले तर वाकणारे. चालताना खूर टाचेकडे किंचित फाकतो. लोखंड त्याला तसं करू देत नाही. हे नाल त्याच्याबरोबर फाकतात. शिवाय ते खिळ्यांनी नाही, गोंदाने लावायचे. गोंद थंडीत लवकर सुकत नाही, आणि जानेवारी होता.

“माझा ड्रायर? घोड्याच्या पायाला?” आईने विचारलं.

“पायाला नाही, खुराला.”

“आणि परत आणल्यावर मी तो डोक्याला लावायचा?”

“धुऊन देईन.”

“ड्रायर धुणार! इंग्लिश मीडियमला घातलं त्याचं चीज झालं, बिल्कुल.”

दौड रविवारी होती. शुक्रवारी मी रजा घेतली. नालबंद चाचा मेरठच्या बाजूचे, साठीच्या पुढचे. त्यांनी नाल हातात घेऊन पिळला.

“ये नाल है या चप्पल? लोहे की आवाज़ सुनके मैं बता दूँ घोड़ी का कौन-सा पैर दुखता है. ये तो गूँगा है.” मग माझ्याकडे बघून, “बिटिया जैसा.”

घोडीची देखभाल करणारे ताऊ हसले. मीही हसल्यासारखं केलं.

सूचनांचा कागद इंग्रजीत होता. मी एकेक ओळ वाचून हिंदीत सांगायची आणि चाचांनी तसं करायचं, असं ठरलं. पहिली ओळ, खूर कोरडा हवा. दुसरी, कानशीने घासून खरखरीत करा. तिसरी, स्पिरिटने पुसा. चौथी ओळ अशी होती की आधीचे काही दिवस खुराला कुठलंही तेल लावलेलं नसावं. लागलं असेल तर नाल बसवू नका.

मी खाली पाहिलं. पुढचे दोन्ही खूर चमकत होते. ताऊ मोहरीच्या तेलाचा डबा घेऊन उभे होते. नालबंद येणार म्हटलं की त्या सकाळी ते खुरांना तेल चोळतात. नालबंदासमोर सुका खूर म्हणजे घोडा सांभाळणारा साईस निकम्मा, असं इकडे मानतात. खिळ्यांच्या नालाला तेलाने काही बिघडत नाही, म्हणून चाचांनाही त्यात वावगं दिसलं नाही.

“देख, कैसे चमका दिए,” ताऊ म्हणाले.

“हाँ, अच्छे लग रहे हैं,” मी म्हटलं, आणि पाचवी ओळ वाचली.

ते ठरवून केलं नव्हतं. चाचांसमोर ताऊंची चूक काढावी लागली असती, एवढंच डोक्यात होतं. कानशीने तेल निघून जाईल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ड्रायर धरून बसले.

दौड सोहन्याच्या पुढे होती, अरावलीच्या पायथ्याशी. निम्मा रस्ता मातीचा, निम्मा सिमेंटचा. सिमेंटवर घोडी पहिल्यांदाच पाय न आखडता चालत होती. आवाज जवळजवळ नव्हताच. चौदाव्या किलोमीटरच्या आसपास एक आवाज सुरू झाला, बाथरूममध्ये ओली चप्पल वाजते तसा. फट्, मग तीन पावलं शांतता, मग फट्. मी उतरले. डावा नाल टाचेकडून सुटला होता. उरलेला भागही हाताने ओढताच निघाला. गोंदाची बाजू गुळगुळीत होती. मी ती नाकाजवळ नेली. मोहरी.

उरलेले सहा किलोमीटर मी तिला कडेच्या वाळूतून चालवत आणलं. तपासणीत नाडी ठीक निघाली. गवतावर पळवली तेव्हा ती लंगडली नाही. पण एक पाय अनवाणी ठेवून तिला पुन्हा सिमेंटवर नेलं असतं तर नक्की लंगडली असती. मी नाव मागे घेतलं.

सरांनी सुटलेला नाल उलटसुलट करून पाहिला. “प्लास्टिक है, और क्या. कल उसको फ़ोन कर देता हूँ.” कुणाला, ते सगळ्यांना कळलं.

नाल कसे टिकतात ते बघायला आलेले चाचा पुढे झाले. “साहब, हाथ मेरा था. गोंद मुझसे ठीक नहीं बैठा.”

चाळीस वर्षांत त्यांनी असं वाक्य कुणापुढे म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

“चाचा ने ठीक लगाया,” मी म्हटलं. आवाज फारच लहान निघाला, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं. “काग़ज़ में लिखा था कि तेल नहीं होना चाहिए. तेल लगा था. मैंने देखा और वो लाइन नहीं पढ़ी.”

ताऊंनी हातातला लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “तो बोल देती. मैं क्या काट खाता?”

सर वाकले, घोडीचा उजवा पाय उचलला आणि नाल दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो हलला नाही.

“इसमें तेल नहीं था?”

“डब्बा ख़तम हो गया था जी,” ताऊ म्हणाले. “इसपे तो बस हाथ फेरा था.”

सरांनी पाय खाली सोडला. “फरवरी में एक और है. तब तक रखते हैं.” मग माझ्याकडे न बघता, “काग़ज़ पूरा पढ़ना.”

फेब्रुवारीत मी कागद पूर्ण वाचला. चौथी ओळ दोनदा. ताऊ हात पाठीमागे बांधून उभे होते आणि दुसरीकडे बघत होते. तो राखाडी, निस्तेज खूर त्यांना बघवत नव्हता. चाचांनी चौथ्या ओळीनंतर खुराचा वास घेतला आणि मान डोलावली. रविवारी घोडीने चाळीस किलोमीटर पूर्ण केले. शेवटच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला दोनदा पळवलं, दोन्ही वेळा चाल सारखी होती. सर म्हणाले, “ठीक है,” आणि चहा मागवला.

नंतरच्या आठवड्यात वरातवाला आला. सर आत फोनवर होते. त्याने नेहमीसारखी चक्कर मारली आणि खाली वाकून काळे नाल बघितले.

“ये क्या है?”

“चिपकाए हुए हैं, भाई,” ताऊ म्हणाले. “ढोल पे उखड़ जाएँगे. दूल्हा नाली में मिलेगा.”

त्याने खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं. नाल उखडणार नव्हते, हे मला माहीत होतं. मी गप्प उभी राहिले.