चिलीच्या नकाशाला लावलेला हात

"हात नको, मास्तर."

हेडमास्तर दारात उभे होते. गुंडाळलेल्या नकाशाची दोरी सोडायला मी हात वर केला होता, तो तसाच वर राहिला. समोर पाचवी ते सातवीची मुलं. सगळी माझ्या हाताकडे बघत होती. हेडमास्तरांचा आवाज गोड होता. ते कधी चिडत नसत. चिडायची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती.

"नकाशा इनामदारांच्या देणगीचा आहे," ते म्हणाले. "माझं काही नाही हो. कायदा झालाय, मी मानतो. पण देणगी देणाऱ्याची भावना असते. रंगनाथ, उठ. छडी घे. मास्तर सांगतील, तू दाखव."

रंगनाथ इनामदारांचा धाकटा मुलगा. सातवीत होता. त्यानं नकाशा सोडला, वेताची छडी घेतली आणि शेजारी उभा राहिला. मी दोन हात मागं सरकलो. मला कुणी ढकललं नव्हतं. मीच सरकलो.

मी महाराचा. त्या चाकणकडच्या गावात मास्तर म्हणून लागलो तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो. पुण्याला ट्रेनिंग केलं होतं. गावात खोली कुणी दिली नाही. महारवाड्यातल्या एका म्हातारीच्या ओसरीवर राहत होतो. गाव मला मास्तर म्हणे. बाकीच्या मास्तरांना गुरुजी, मला मास्तर. गुरुजी म्हणणारी शाळेत दोनच पोरं होती. हिरा आणि तिचा भाऊ. आमच्याच वाड्यातली. ती दाराशी, चपलांच्या शेजारी बसायची.

माझे वडील तेव्हा पिंपरीला होते. तिथं नवा कारखाना उभा राहत होता, त्याच्या बांधकामावर घमेलं वाहत होते. छातीत कफ धरला होता. ते एकच म्हणायचे, "तू कायम झाला की म्या घमेलं टाकतो." मला कायम करायचं की नाही हे दिपोटी साहेबांच्या हातात होतं. वर्षाकाठी ते शाळा तपासायला येत, पाठ बघत आणि शेरा देत. म्हणजे वडिलांचं घमेलं कधी उतरायचं ते माझ्या एका पाठावर ठरणार होतं. म्हणून मी मागं सरकलो. हे मी सबब म्हणून सांगत नाही. भूक असली की माणूस कसा मागं सरकतो तेवढं सांगतो.

नकाशा चिली देशाचा होता. खडकीच्या छावणीतले गोरे गेले, त्यांच्या शाळेचं सामान लिलावात निघालं, त्यातून इनामदारांनी तो उचलला होता. कोणत्या देशाचा हे त्यांनी विचारलंही नसेल. मोठा होता, मागून कापड लावलेला होता, रोगणानं चकाकत होता, एवढं पुरेसं होतं. देश म्हणजे नुसती उभी पट्टी. डोक्याच्या वरपासून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबायचा. वर वाळवंट, तिथं सोऱ्याच्या खाणी. मधे सुपीक खोरं, गहू आणि द्राक्षं, तिथंच राजधानी सँटियागो. खाली थंडी, पाऊस आणि बेटांचे तुकडे. सगळी नावं इंग्रजीत.

तर भूगोल माझ्या तोंडात आणि छडी रंगनाथच्या हातात. मी म्हणायचो, अँटोफगास्ता. छडी समुद्रात. मी म्हणायचो, वर, अजून वर, आता उजवीकडे. पाठीला खाज सुटावी आणि दुसऱ्याला जागा सांगत बसावं, तशी गत. रंगनाथला पहिल्या महिन्यातच शहरं पाठ झाली होती. तरी छडी भरकटायचीच. "हितं का मास्तर? का हितं?" पोरं हसायची. त्याला माझं तोंड नाचवायचा खेळ मिळाला होता. चौदा वर्षांचं पोर. त्याला तो खेळ कुणी दिला ते मला माहीत होतं.

मधल्या सुट्टीत मी एकटा नकाशा वाचायचो. हात पाठीमागे बांधून, मान पुढं काढून. वरची नावं टाचा उंचावून वाचायचो. खालच्या टोकाला पुंता अरेनास नावाचं शहर होतं, बारीक अक्षरात. ते वाचायला गुडघे टेकून, नाक जमिनीशी न्यावं लागे. एकदा तसा वाकलेला असताना मागून हेडमास्तर म्हणाले, "काय मास्तर, नकाशाला दंडवत?" आणि हसले. बाकीचे दोन गुरुजीही हसले. मीही हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात आहे. कितीही चुळा भरल्या तरी जात नाही.

मग शेजारच्या गावची जत्रा आली. बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. सगळं गाव तिकडं. रंगनाथ तिकडं, हेडमास्तर इनामदारांच्या गाडीतून तिकडं. शाळा उघडी ठेवायला मला ठेवलं होतं. आम्हाला त्या जत्रेत लांबच उभं करायचे, म्हणून हिरा आणि तिचा भाऊ शाळेत आले. एवढ्या मोठ्या खोलीत आम्ही तिघं. मला बरं वाटलं. म्हटलं, आज आपली शाळा.

"हिरा, ये पुढं," मी म्हणालो. "तुला राजधानी दाखवतो. बोट लाव."

ती उठली. फाटक्या परकराला हात पुसले. पुढं आली आणि नकाशापासून दोन हातांवर थांबली. मग तिनं हात पाठीमागे नेले, एकमेकांत अडकवले आणि मान पुढं काढली.

"अगं, बोट लाव."

"न्हाई गुरुजी. नकाशा असाच बघत्यात."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई सांगितलं. तुमीच बघता की असं."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. शिकलेला धडा म्हणून दाखवत होती. माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. खोलीत कुणी नव्हतं. गावातही कुणी नव्हतं. आणि तिच्यासारखाच मीही दोन हातांवर, हात मागे बांधून उभा होतो.

मला किळस आली. हेडमास्तरांच्या गोड आवाजाची, इनामदारांच्या देणगीची, रंगनाथच्या हसण्याची. पण सगळ्यात जास्त मागे बांधलेल्या माझ्या त्या दोन हातांची. त्या लोकांनी मला काय शिकवलं ते ठीक होतं, मी मोठा होतो, माझं मी बघून घेतलं असतं. पण ते माझ्याकडून या पोरीला शिकवून घेत होते. त्याचा पगार मला मिळत होता.

आठवड्याभरात दिपोटी साहेब आले. पुण्याचे, खादीची टोपी, स्वच्छ धोतर. त्यांनी माझा भूगोलाचाच पाठ बघायला घेतला. हेडमास्तर त्यांच्या शेजारी खुर्चीवर. रंगनाथ छडी घेऊन जागेवर गेला. साहेबांना व्यवस्था लगेच कळली. न कळायला ते काही दूधखुळे नव्हते. त्यांनी मान डोलावली.

"वा," ते म्हणाले. "विद्यार्थ्याला कामाला लावलंय. छान पद्धत आहे."

हेडमास्तर हसले. मला वाटलं, हा साहेब निदान खाली तरी बघेल. तो बघेना. पान लावावं इतक्या सहज तो ते शब्द जुळवून बसला होता.

मी म्हणालो, "रंगनाथ, छडी ठेव. जागेवर बस."

त्यानं हेडमास्तरांकडे बघितलं.

"मी सांगतोय. बस."

तो बसला. मी पुढं झालो आणि तळहात नकाशावर ठेवला. सगळा तळहात, वाळवंटावर. रोगण चिकट होतं. मग बोट खाली आणलं, अँटोफगास्ता, व्हॅल्परेझो, सँटियागो, आणि वाकून पार पुंता अरेनासपर्यंत. बोलत होतो, इथं सोरा निघतो, इथं द्राक्षं पिकतात, इथं पाऊस थांबत नाही. बोट वर घेतलं तर काळंकुट्ट झालेलं. त्या नकाशावर वर्षांची धूळ होती, माश्यांची घाण होती. एकानंही कधी फडकं मारलं नव्हतं. आणि विटाळ म्हणे माझा होणार होता.

"मास्तर, पाठ झाला," हेडमास्तर म्हणाले.

"झाला नाही. हिरा, ये."

ती उठेना. तिच्या भावानं तिला कोपर मारलं. मग उठली. सगळ्या पोरांच्या मधून आली. मी राजधानीची जागा दाखवली. तिनं बोट पुढं केलं, मागं घेतलं, आणि मग टेकवलं. "सँटियागो," ती म्हणाली. खोलीत कुणी हसलं नाही.

ऑफिसात साहेब म्हणाले, "कायद्यानं तुम्ही बरोबर आहात. पण गोडीनं घ्यायला हवं होतं." चहा आला. त्यांना कपात, मला करवंटीत. त्यांनी माझ्या करवंटीकडे बघितलं आणि स्वतःचा चहा प्यायले. मी माझा चहा तिथंच खिडकीबाहेर ओतला.

दुसऱ्या दिवशी इनामदारांच्या गड्यानं नकाशा अंगणात पसरला, बादलीभर पाणी मारलं आणि वर गोमूत्र शिंपडलं. तसाच ओला आणून टांगला. मागचं कापड भिजलं होतं, ते सुकता सुकेना. खोलीत गोठ्यासारखा वास भरला. त्या वासात बसून इनामदारांचा मुलगा चिलीची पिकं पाठ करत होता, नाक धरून. मी हजेरी घेतली, मग नकाशापाशी जाऊन ओल्या कापडावर हात ठेवला आणि शिकवायला लागलो. त्यांनी पुन्हा धुतला. मी पुन्हा हात लावला. तिसऱ्यांदा धुतल्यावर खालची बेटं गळून पडली.

तेव्हा हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. आवाज तोच, गोड. "मास्तर, वडील थकलेत म्हणता ना तुमचे? वाड्यावर जाऊन एकदा इनामदारांना नमस्कार करून या. चुकलो म्हणा. बस, एवढंच. कायम करायचं मी बघतो."

मी एक दिवस मागून घेतला आणि पिंपरीला गेलो. वडील बांधकामावर होते. त्यांना सगळं सांगितलं. घमेलं डोक्यावर घेऊन ते ऐकत उभे होते, तसेच फळीवर चढून गेले. वर जाईपर्यंत त्यांचा खोकला मला ऐकू येत होता.

मी वाड्यावर गेलो नाही. कायमही झालो नाही. माझी बदली डोंगराकडच्या एका गावात झाली, तिथं नकाशा नव्हताच. मी जमिनीवर कोळशानं काढला आणि दाराशी बसलेल्या पोरांना त्यावर उभं केलं. तिथूनही बदली झाली. वडील खोकतच गेले. घमेलं त्यांनी शेवटपर्यंत टाकलं नाही.

पुढं हेडमास्तर निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला. मला बोलावणं आलं होतं. लोक म्हणाले, जाऊन या, झालं गेलं विसरा, ते तुमची आठवण काढतात. मी गेलो नाही. आठवण काढायला त्यांचं काय जातं. चूक झाली असं त्यांच्यातल्या एकानंही आजवर म्हटलेलं नाही. कुणी म्हणालाच, तर त्यानं माझ्याकडे येऊ नये. हिराकडे जावं, चारचौघांत, भर दिवसा. आणि तिनं तोंडावर दार लावलं, तर ते मी उघडायला सांगणार नाही.